मैत्रिणीच्या घरचे ढेकूण

उत्तरा शेलारला मूर्ख माणसांचा राग येत नसे, किळस येई. झुरळांची मात्र तिला कधीच किळस आली नाही. राहुरीला कीटकशास्त्रात एम.एस्सी. करून ती लग्नानंतर दिल्लीकडे आली. आता फरीदाबादला तिची स्वतःची पेस्ट कंट्रोल कंपनी होती. कीटकनाशकं वापरण्याचा परवाना घ्यायला जे प्रशिक्षण लागतं, त्यातले काही तासही ती घ्यायची.

त्या वर्गात पहिले काही दिवस ती कुणाला पंपाला हात लावू देत नसे. आधी किडा ओळखा. तो तिथे का आला ते शोधा. त्याचं खाणं, पाणी, लपायची जागा बंद करा. एवढं करून गरज उरलीच, तर औषध. आणि औषधाच्या डब्यावरचं पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. ‘‘डब्यावरचा विषाची जहालता सांगणारा त्रिकोण लाल आहे की पिवळा, निळा आहे की हिरवा, हे न बघता जो फवारतो,’’ ती म्हणायची, ‘‘तो अमेरिकेत शिकून आला असला तरी माझ्या लेखी अंगठेबहाद्दर.’’

विद्यार्थी हसायचे. आपल्याला लोकांना हसवता येतं याची उत्तराला कल्पना होती, आणि ते तिला आवडायचं.

गुरुग्रामच्या एका उंच सोसायटीचं काम तिला मिळालं ते जयदीप अभ्यंकरमुळे. हा पुण्याचा. आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि त्याहून मोठ्या रुबाबात सोसायटीचा सेक्रेटरी. लिफ्टमध्ये पाणी सांडलं तरी तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘डिअर रेसिडेंट्स’पासून सुरुवात करून तीन परिच्छेद लिहायचा. सोसायटीत झुरळं झाली होती. दारात इटालियन संगमरवर आणि सिंकखाली झुरळांची वसाहत, हे काही त्या मंडळींच्या पचनी पडत नव्हतं. प्रत्येकाला खात्री होती की झुरळं वरच्या मजल्यावरच्यांची आहेत. वरच्या मजल्यावरचे खालच्यांकडे बोट दाखवत.

उत्तराने दोन दिवस नुसती टॉर्च घेऊन फिरून पाहिलं. कचरा टाकायच्या उभ्या नळीत प्रत्येक मजल्यावर ओला कचरा चिकटून सडत होता आणि तिथून पाइपांच्या भोकांतून झुरळं स्वयंपाकघरांत शिरत होती. तिने नळी धुऊन घेतली, भोकं बुजवून घेतली आणि ओट्याखाली, बिजागरीत, फ्रिजच्या मागे विषारी आमिषाच्या जेलचे बारीक ठिपके ठेवले.

‘‘आता यावर कुणीही दुसरा स्प्रे मारायचा नाही,’’ तिने जयदीपला बजावलं. ‘‘स्प्रेच्या वासाने झुरळ जेलपाशी फिरकत नाही. मग माझं काम फुकट.’’

‘‘बिल्कुल, बिल्कुल. मी ग्रुपवर टाकतो.’’

त्याने टाकलं. दुसऱ्याच दिवशी तक्रारी आल्या. औषधाला वासच नाही! डोळे चुरचुरले नाहीत, कुणाला खोकला आला नाही, म्हणजे बाईंनी फसवलं. एका गृहस्थांनी बाजारातून स्प्रे आणून सगळ्या जेलवर मारला आणि झुरळं गेली नाहीत अशी तक्रार केली. तो मेसेज उत्तराने आपल्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवला.

जयदीपने मग रविवारी सकाळी क्लब हाउसमध्ये तिचा ‘अवेअरनेस सेशन’ ठेवला. चहा-सामोसे असल्यामुळे गर्दी चांगली झाली. उत्तरा हिंदीत बोलायला उभी राहिली आणि एकेकाला सोलून काढू लागली. एका बाईंनी वाळवीचं औषध सरबताच्या बाटलीत भरून फ्रिजवर ठेवलं होतं. ‘‘वाह! पाहुणे आले की विचारत जा, बर्फ घालू का?’’ हशा. एका काकांनी आवाजाने किडे पळवणारं यंत्र घेतलं होतं. ‘‘झुरळं त्याच्यावर अंडी घालतात. गरम असतं ना, बाळंतपणाला बरं.’’ पुन्हा हशा. काकाही हसले, कारण न हसून सांगणार कुणाला.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठली. निळा कुर्ता, हातात चहाचा कागदी कप. जयदीपची बायको मयुरा. ती मराठीतच म्हणाली, ‘‘उत्तराताई, माझ्या एका मैत्रिणीच्या घरी ढेकूण झालेत. त्याला काय करायचं?’’

उत्तराने प्रश्न हिंदीत सगळ्यांना सांगितला, मग एक क्षण थांबली. टाळी घेणाऱ्याला नेमकं कुठे थांबायचं ते कळतं.

‘‘ढेकूण नेहमी मैत्रिणीच्याच घरी होतात,’’ ती म्हणाली. ‘‘इतक्या वर्षांत स्वतःच्या घरी ढेकूण झालेला माणूस मला भेटलेला नाही. फोनवर असे कुजबुजतात, जणू पलंगाखाली प्रेत आहे!’’

सगळं सभागृह खदखदून हसलं. सगळ्यात मोठ्याने जयदीप हसला. मयुराही हसली, कप दोन्ही हातांत धरून खाली बसली. उत्तर मिळालंच नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पुढचा प्रश्न कबुतरांचा होता.

मैत्रीण नव्हतीच. ढेकूण मयुराच्या घरात होते.

मयुराची धाकटी बहीण राधा बार्शीहून यूपीएससीच्या तयारीला आली होती. करोल बागेत एका घरमालकाने जुन्या घराचे मजले उभे-आडवे कापून खुराड्यांएवढ्या खोल्या केल्या होत्या, त्यातल्या एकीत ती राहायची. दिवाळीनंतर दिल्लीची हवा इतकी बिघडली की तिचा खोकला थांबेना. तेव्हा मयुराने तिला काही आठवड्यांसाठी गुरुग्रामला बोलावून घेतलं. तिच्या गादीच्या वळकटीतून ढेकूणही आले. आधी पाहुण्यांच्या खोलीत, मग सोफ्यात, मग जयदीपच्या मानेवर लाल गांधी उठल्या.

‘‘कुणाला एक शब्द बोलायचा नाही,’’ जयदीपने दोघींना सांगितलं होतं. ‘‘सेक्रेटरीच्या घरात ढेकूण? ग्रुपवर माझं काय होईल, कल्पना आहे?’’

मयुराने तरीही धीर करून क्लब हाउसमध्ये विचारलं होतं. त्यानंतर तिचा धीर संपला.

‘‘ताई, आमचा घरमालक गोळ्या ठेवतो,’’ राधा म्हणाली. ‘‘धान्यात घालतात ना, त्या. खोली बंद करून टाकायची, दुसऱ्या दिवशी सगळे मेलेले. तिकडच्या एका दुकानात मिळतात, नुसतं नाव सांगायचं.’’

ज्या गोळ्या परवानाधारक माणसालाही राहत्या घरात वापरता येत नाहीत, त्या राधाने मेट्रोतून बॅगेत घालून आणल्या. सकाळी मयुराने त्या पाहुण्यांच्या खोलीत बशीत ठेवल्या, दार ओढून घेतलं, दाराच्या फटीला चिकटपट्टी लावली आणि ऑफिसला गेली. जयदीप आधीच गेला होता. राधा हॉलमध्ये पुस्तक घेऊन बसली. बाहेर धुरकट हवा म्हणून घराच्या सगळ्या खिडक्या घट्ट बंद. कोपऱ्यातलं हवा शुद्ध करणारं महागडं यंत्र हिरवा दिवा लावून सांगत होतं की घरातली हवा उत्तम आहे. ते यंत्र धूळ मोजतं. विष मोजत नाही. पण तेवढ्या पैशांत माणसाला सगळं आल्यासारखं वाटतं.

त्याच दिवशी दुपारी उत्तरा जेल तपासायला अभ्यंकरांच्या मजल्यावर आली. लिफ्टमधून बाहेर पडली आणि थबकली. हवेत लसणाचा वास होता. लसूण, आणि त्याखाली सडक्या मासळीसारखं काहीतरी. शेजारच्या फ्लॅटची बेल वाजवली, तर मानस नावाच्या घरून काम करणाऱ्या मुलाने दार उघडलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

‘‘दीदी, बाद में आओ ना. सुबह से सर फट रहा है. दो बार उल्टी हुई. बाजूवाले पता नहीं क्या लहसुन जला रहे हैं.’’

‘‘चप्पल घाल आणि खाली जा,’’ उत्तरा म्हणाली. ‘‘लिफ्टने. मोकळ्या हवेत. आत्ता.’’

‘‘मेरी कॉल है...’’

‘‘मेल्यावर घे!’’

तिचा आवाज असा होता की तो तसाच अनवाणी निघाला. उत्तराने अभ्यंकरांच्या दारावर दोन्ही मुठी आपटल्या. आत कुणी हललं नाही. तिच्याकडे फवारणीचा मास्क होता; धान्याच्या गोळ्यांतून सुटणाऱ्या या वायूपुढे त्याचा उपयोग शून्य, हे तीच वर्गात घोकून घ्यायची. दार उघडून आत शिरणं म्हणजे एकाऐवजी दोन प्रेतं. ती दार बडवत राहिली, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवरून गार्डला मजला रिकामा करायला सांगितलं, मग ११२ लावला.

आत काहीतरी पडलं. मग कडी निघाली. राधा दाराशी गुडघ्यांवर होती, ओठ कोरडे, छातीवर हात.

‘‘मला वाटलं काल रात्रीचं पनीर बाधलं,’’ ती म्हणाली आणि उंबऱ्यावरच ओकली.

उत्तराने श्वास रोखून तिला काखेत धरून जिन्याच्या दाराबाहेर ओढलं. जिन्याची खिडकी सताड उघडली. ‘‘काय ठेवलंय आत? खरं सांग. गोळ्या?’’

राधाने होकारार्थी मान हलवली.

‘‘त्याची नळी कुठाय? डबा?’’

‘‘माझ्या सॅकमध्ये... दाराशीच...’’

सॅक दाराजवळच्या खुंटीला होती. उत्तराने हात घालून ती ओढून घेतली. पत्रक नळीला चिकटलेलं होतं. लाल त्रिकोण, कवटी, आणि बारीक अक्षरांत सगळं काही, जे कुणीही वाचलं नव्हतं.

अग्निशमनची माणसं आली तेव्हा जयदीप फोनवर होता. ऑफिसमधून गाडीत बसून तो गार्डला फोनवरून सूचना देत होता. ‘‘उन गोलियों पे पानी डलवा दो! सब पे पानी मारो!’’ एकाने पाइप सरसावलाही. उत्तरा त्याच्यापुढे आडवी उभी राहिली.

‘‘पाणी नाही! एक थेंब नाही. पाणी लागलं की गॅस आणखी सुटतो. इथे लिहिलंय, पढ़ो!’’ तिने पत्रक त्याच्या डोळ्यांपुढे धरलं. तो माणूस शहाणा निघाला. त्याने वाचलं, सिलिंडरवाले मास्क मागवले, खिडक्या उघडवल्या.

इस्पितळात ड्यूटीवरच्या डॉक्टरने पोट बिघडल्याचं लिहायला घेतलं होतं. उत्तराने त्याच्या टेबलावर नळी ठेवली आणि विषाचं नाव उच्चारलं. तो ताडकन उठला. या विषावर उतारा नाही. हृदय आणि रक्तदाब सांभाळत बसणं एवढंच करता येतं. राधाला अतिदक्षता विभागात नेलं. मानसला ऑक्सिजन लावून खाली ठेवलं. मयुरा धावत आली, तिने उत्तराकडे पाहिलं आणि नजर वळवली. उत्तराला वाटलं, धक्का बसलाय बिचारीला.

दोन्ही जीव वाचले. राधाच्या हृदयाचे ठोके काही काळ वेडेवाकडे पडत होते, मग ताळ्यावर आले. आणि ती अजून सलाईनवर असतानाच जयदीपचा मेसेज ग्रुपवर आला. डिअर रेसिडेंट्स. आपल्या मजल्यावर झालेली दुर्दैवी घटना ही पेस्ट कंट्रोल एजन्सीच्या केमिकलमुळे झाली असण्याची शक्यता आहे, करार स्थगित, चौकशी होईल, मी स्वतः लक्ष घालत आहे.

मेव्हणी इस्पितळात पडलेली असताना इतक्या सफाईने लिहिता येणं ही एक कलाच आहे. शंभरेक माणसांनी त्याला हात जोडल्याची चित्रं पाठवली. ज्यांना वास न आल्याचं दुःख होतं, त्यांना आता आठवलं की आपल्यालाही त्या दिवसापासून चक्कर येत होती.

रविवारी सभा भरली. उत्तरा गेली, न जाण्याइतकी ती भित्री नव्हती. पत्रकांच्या प्रती घेऊन गेली होती, एकेकाची कशी सालटी काढायची ते मनात जुळवून. ‘‘परवाना तरी आहे का तुमच्याकडे?’’ यंत्रवाल्या काकांनी विचारलं. ‘‘पोलिसांत द्या,’’ सरबतवाल्या बाई म्हणाल्या. उत्तरा तोंड उघडणार, इतक्यात मयुरा उठली.

‘‘गोळ्या आम्ही ठेवल्या,’’ ती हिंदीत म्हणाली. ‘‘मी ठेवल्या. आमच्या घरात ढेकूण आहेत. यांचा काही संबंध नाही.’’

जयदीप पुटपुटला, ‘‘मयुरा, हे आपण घरी बोलू, यार.’’

‘‘घरी बोललो होतो की. तूच म्हणालास, कुणाला सांगू नका.’’

सभागृहात कुणी हसलं नाही. ढेकणाचं नाव निघाल्याबरोबर शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी मात्र आपली पर्स मांडीवर उचलून घेतली.

उत्तराला जिंकल्यासारखं वाटलं. तिने जयदीपकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली. मग ती मयुराकडे वळली आणि खास आपल्या आवाजात म्हणाली, ‘‘अहो, पण शिकल्यासवरलेल्या बाई तुम्ही. परवानाधारक माणूस तुमच्या सोसायटीत येत होता. मला एक फोन करता आला नाही?’’

मयुरा मराठीत म्हणाली, ‘‘विचारलं होतं मी तुम्हाला. इथेच. तुम्ही हसलात.’’

उत्तराला आधी आठवेनाच. मग निळा कुर्ता आठवला. कागदी कप आठवला. आपण किती वेळ थांबून मग बोललो, तेही. तिने आणलेल्या पत्रकांच्या प्रती पिशवीत परत ठेवल्या. सभा संपली, माफी वगैरे कुणी मागितली नाही, करार ‘पुन्हा लागू’ झाल्याचं जयदीपने तीन परिच्छेदांत कळवलं. उत्तराने तो करार सोडला. फक्त जाण्याआधी एका सकाळी ती मयुराच्या घरी गेली. गाद्यांच्या शिवणी, पलंगाचे सांधे, सोफ्याची खालची बाजू गरम वाफेने शेकून काढली, कपडे उकळत्या पाण्यात धुवायला लावले, आणि आपण पुन्हा कधी येणार ते सांगितलं. जयदीप दारात घुटमळत होता.

‘‘म्हणजे आम्हाला वाटलं की...’’

‘‘बाजूला व्हा, वाफ लागेल,’’ उत्तरा म्हणाली. एवढंच. याहून बरंच काही तिच्या जिभेवर होतं.

महिन्याभराने राधाचा फोन आला. ती करोल बागेत परतली होती. ‘‘ताई, घरमालकाने वरच्या मजल्यावर पुन्हा गोळ्या ठेवल्यात. मुली शेजारच्याच खोल्यांत आहेत. मी सांगितलं तर म्हणतो, तुला काय कळतं.’’

‘‘सगळ्यांना खाली रस्त्यावर आण. मी निघाले.’’

तिने वाटेतच सरकारी कीटकनाशक निरीक्षकाला फोन केला, अग्निशमनलाही. घरमालक दारातच खुर्ची टाकून बसला होता, उन्हात, शेंगदाणे सोलत.

‘‘मैडम, बीस साल से डाल रहा हूँ. कोई मरा?’’

‘‘तुम तो नीचे सोते हो,’’ उत्तरा म्हणाली. ‘‘मरना तो ऊपरवालों को है. इतनी अक्ल है तुम में, मानना पड़ेगा.’’

या माणसासाठी तिने राखून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं, आणि तो बोलायचा थांबेपर्यंत थांबली नाही. निरीक्षक उशिरा आला, कुरकुरत आला, पण आला. उरलेल्या नळ्या जप्त झाल्या, वरचा मजला उघडून मोकळा केला गेला. दुकानदाराचं पुढे काय झालं ते उत्तराला कळलं नाही; बहुधा काही झालं नसावं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. मुली जिन्यावर दाटीवाटीने बसल्या होत्या. नांदेडची, अकोल्याची, एक थेट गडचिरोलीची. कुणीच काही विचारेना. शेवटी अकोल्याची म्हणाली, ‘‘मॅडम, ढेकूण उडत येतात का?’’

उत्तराच्या ओठांवर एक झकास वाक्य आलं. जिना हसला असता. तिने ते गिळलं, आणि ते सहज गिळलं गेलं नाही.

‘‘नाही. त्याला पंख नसतात,’’ ती म्हणाली. ‘‘चालत येतो, नाहीतर सामानातून येतो. तुझी गादी कुठली?’’

‘‘माझी... आतली. लाल चादर.’’

‘‘चल, दाखव. बाकीच्यांनी मोबाइलचे टॉर्च काढा.’’

आठ-दहा जणी त्या खुराड्यात शिरल्या. उत्तराने गादी उभी केली, शिवण बोटाने उलगडली, आणि तिथे काय असतं ते पाहायला सगळ्या एकमेकींच्या खांद्यांवरून वाकल्या.